मोठा फोन, सुटी यंत्रे आणि पावणेतीन इंच

मोबाइलच्या दुकानात मोठा फोन विकताना विक्रेता एक वाक्य हमखास म्हणतो : "साहेब, हा घेतला की टॅब घ्यायलाच नको." पुढे कॅमेऱ्याचे, मग ई-पुस्तकाच्या यंत्राचे नाव येते आणि शेवटी गिऱ्हाइकाची अशी समजूत होते, की चार वस्तूंचे पैसे वाचवण्यासाठीच तो ही एक महागडी वस्तू घेतो आहे. या वाक्यात खरे किती, हे तपासण्याचा मी गेले वर्षभर जमेल तसा प्रयत्न केला. साधने साधीच होती. फूटपट्टी, शाळेत शिकलेले पायथागोरसचे प्रमेय आणि या यंत्रांचा गेल्या अठरा वर्षांचा इतिहास.

सुरुवात मापापासून करावी लागते, कारण सगळा घोटाळा तिथे आहे. पडद्याचे माप कर्णाने सांगतात. सहा पॉइंट सात इंच म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर. ते ऐकून पडदा किती रुंद आहे हे कळत नाही. त्यासाठी लांबी-रुंदीचे गुणोत्तरही माहीत लागते. आणि हे गुणोत्तर वर्षानुवर्षे बदलत आले आहे.

९ जानेवारी २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्ह जॉब्ज यांनी पहिला आयफोन दाखवला, तेव्हा आधी तीन वस्तू आणत असल्याचे सांगितले : गाणी ऐकायचा रुंद पडद्याचा आयपॉड, एक फोन आणि इंटरनेटवर संपर्क साधण्याचे एक यंत्र. तिन्ही नावे पुन्हा पुन्हा घेतल्यावर श्रोत्यांच्या लक्षात आले की या तीन वस्तू नाहीत, एकच आहे. सुट्या यंत्रांचे विलीनीकरण ही या फोनची जन्मकथाच आहे. पण त्या पडद्याचा कर्ण होता साडेतीन इंच. गुणोत्तर तीनास दोन असल्याने रुंदी जेमतेम १.९४ इंच. तळहातावर सहज मावणारी ती वस्तू होती, आणि टॅबलेटची जागा घेण्याचा तिचा दावा नव्हता. टॅबलेट तेव्हा घरोघरी आलेच नव्हते.

टॅबलेट आल्यावर मधल्या आकाराचा प्रश्न उभा राहिला. २०१० साली सात इंची टॅबलेट बाजारात येऊ लागले, तेव्हा जॉब्ज यांनी त्यांची टिंगल केली होती. पडद्याबरोबर सँडपेपर द्यावा लागेल, म्हणजे लोकांना बोटे घासून बारीक करता येतील, असा त्या टिंगलीचा मतलब. त्यातला गणिताचा भाग मात्र बरोबर होता. सात इंच म्हणजे पावणेदहा इंचाच्या सत्तर टक्के असे वाटते, पण क्षेत्रफळ पाहिले तर ते आयपॅडच्या जेमतेम ४५ टक्के भरते, असे त्यांनी सांगितले. कर्ण थोडा कमी झाला की क्षेत्रफळ वर्गाच्या हिशेबाने घटते. (२०१२ मध्ये त्यांच्याच कंपनीने ७.९ इंचांचा छोटा आयपॅड काढला. तोवर जॉब्ज हयात नव्हते.)

सप्टेंबर २०११ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात सॅमसंगने गॅलेक्सी नोट मांडला. कर्ण ५.३ इंच, सोबत लिहायला स्टायलस. फोन आणि टॅबलेट यांच्या संकरातून 'फॅब्लेट' हा काहीसा ओबडधोबड शब्द रूढ झाला तो याच सुमारास. कानाला पाटी लावल्यासारखे दिसेल, अशी चेष्टा झाली. तरी तो खपला, इतरांनी तसे फोन काढले आणि २०१४ साली आयफोनही साडेपाच इंचांवर पोचला. आज सहा पॉइंट सहा-सात इंच हे मधल्या किमतीच्या फोनचेही नेहमीचे माप आहे.

आता फूटपट्टी. २०११ च्या नोटचे गुणोत्तर सोळास दहा होते, म्हणजे पडद्याची रुंदी २.८१ इंच. २०१४ च्या साडेपाच इंची आयफोनचे सोळास नऊ, रुंदी २.७० इंच. आजच्या ६.७ इंची फोनचे साधारण वीसास नऊ, रुंदी २.७५ इंच. ज्या नोटला लोक पाटी म्हणून हसले त्याचा पडदा आजच्या 'मोठ्या' फोनपेक्षा किंचित रुंदच होता. कर्ण ५.३ वरून ६.७ झाला, जाहिराती बदलल्या, किमती चढल्या. रुंदी पावणेतीन इंचांच्या आसपास अडून बसली. वाढली ती फक्त उंची.

याचे कारण माणसाच्या मुठीत आहे. फोन एका हातात धरून त्याच हाताच्या अंगठ्याने चालवायचा, तर त्याची रुंदी आठ सेंटिमीटरच्या पलीकडे नेता येत नाही. गॅलेक्सी नोट ८३ मिलिमीटर रुंद होता आणि अनेकांना तो धरवत नसे. आजचे मोठे फोन ७६ ते ७९ मिलिमीटरमध्ये बसवलेले असतात. तंत्रज्ञांनी पडद्याभोवतीची चौकट पातळ केली, खालचे बटण काढले आणि जी जागा मिळाली ती उंचीत घातली.

वाचणाऱ्याच्या दृष्टीने ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. ६.७ इंची फोनच्या पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे १६.८ चौरस इंच भरते. सहा इंची किंडलचे भरते १७.३. म्हणजे जवळपास तेवढेच. पण किंडल ३.६ इंच रुंद आहे. त्याचे पान पुस्तकाच्या पानाच्या जातीचे आहे. फोनचे पान रेल्वेच्या आरक्षणयादीच्या जातीचे. ७.९ इंची टॅबलेट घेतला तर रुंदी ४.७४ आणि क्षेत्रफळ ३० चौरस इंचांच्या आसपास जाते. विक्रेत्याच्या तोंडी '६.७' आणि '७.९' हे आकडे शेजारी-शेजारी वाटतात. प्रत्यक्षात दुसरा पडदा पहिल्याच्या पावणेदोन पटींहूनही थोडा मोठा आहे.

इंग्रजी वाचणाऱ्याला ही अरुंद पट्टी मराठी वाचणाऱ्यापेक्षा कमी जाचते, असे माझे मत आहे, आणि त्याला कारणे आहेत. देवनागरीत अक्षराच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरांचे पाय. दोन ओळींत पुरेसे अंतर सोडले नाही तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर येऊन टेकतो. म्हणून त्याच उंचीत मराठीच्या ओळी कमी बसतात. दुसरे, मराठी शब्द प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये पोटात घेऊन वाढतो. 'विद्यापीठाबाहेरच्यांनासुद्धा' हा एकच शब्द आहे. इंग्रजीत त्याचे चार-पाच तुकडे पडतील आणि ओळीच्या शेवटी कुठेही तोडता येतील. मराठीत शब्द कुठे तोडायचा याचे नियम बहुतेक ॲपना शिकवलेलेच नसतात. असा शब्द ओळीत मावला नाही की सबंध खाली जातो आणि वर भोक पडते.

चाळिशीनंतर डोळ्याची जवळचे पाहण्याची शक्ती कमी होते, माणूस फोन लांब धरतो, लांब धरल्याने अक्षर बारीक दिसते, म्हणून तो अक्षर मोठे करतो. अक्षर मोठे केले की पावणेतीन इंचांत मराठीचे तीन-चार शब्द उरतात. छापील पुस्तकाच्या ओळीत दहाएक शब्द सहज असतात. वाक्य मोठे असेल (आणि आपल्या जुन्या लेखकांची वाक्ये मोठीच असत), तर ते सात-आठ ओळींत चिरडले जाते आणि कर्ता-क्रियापदाची गाठ पडेपर्यंत मागचे निसटते. बातमी, निरोप, छोटी कविता यांना फोन पुरतो. दीर्घ निबंधाला किंवा कादंबरीला तो कमी पडतो, आणि कर्ण आणखी दोन दशांश इंचांनी वाढवून त्यात फरक पडत नाही.

पीडीएफच्या रूपात मिळणाऱ्या दिवाळी अंकांचा प्रश्न याहून बिकट आहे. पीडीएफ म्हणजे छापील पानाचे छायाचित्रच. त्यातली ओळ पडद्याप्रमाणे मोडून वाहत नाही. दिवाळी अंकाचे पान साधारण सात इंच रुंद आणि साडेनऊ इंच उंच असते. ते पावणेतीन इंचांत बसवले की ३९ टक्क्यांवर येते. बारा पॉइंटचे अक्षर पावणेपाच पॉइंटचे होते, म्हणजे औषधाच्या पाकिटावरच्या सूचनांएवढे. फोन आडवा धरला तर अक्षर मूळच्या ८७ टक्के होते आणि छान वाचता येते, पण मग पानाचा एक-तृतीयांश भागच एका वेळी दिसतो. मजकूर दोन स्तंभांत असेल तर पहिला स्तंभ वाचत तळाशी जायचे, पुन्हा वर चढायचे, दुसरा वाचत पुन्हा उतरायचे. शंभर पानांचा अंक असा वाचून पाहावा. या कामाला आठ-नऊ इंचांचा साधा टॅबलेट लागतो, आणि त्याला पर्याय होईल असा फोन मला सापडला नाही.

ई-इंकचे यंत्र हा वेगळा मामला. त्यात पडद्यामागून दिवा लागत नाही. सूक्ष्म कुप्यांमध्ये काळे आणि पांढरे कण असतात. विजेच्या भाराप्रमाणे ते वर-खाली होतात आणि वीज काढली तरी तिथेच राहतात. म्हणून पान उलटण्यापुरतीच वीज लागते आणि एका चार्जिंगवर आठवडे निघतात. उन्हात ते कागदासारखे अधिक स्पष्ट दिसते, तर फोनचा पडदा उन्हाशी झगडताना बॅटरी खातो. किंडलवर २०१६ च्या अखेरीपासून मराठी पुस्तकेही मिळू लागली. पण मराठी वाचकाची अडचण अशी, की बरीच मराठी ई-पुस्तके त्या-त्या दुकानाच्या स्वतःच्या ॲपमध्येच उघडतात. बुकगंगाचे असेच आहे. तेव्हा केवळ मराठीसाठी सुटे यंत्र घ्यायचे झाल्यास मी किंडलच्या आधी टॅबलेटकडे बोट दाखवीन. इंग्रजी कादंबऱ्यांचा रतीब असेल तर उलट. आणि ई-इंकच्या यंत्राचा सर्वांत मोठा गुण मला त्याच्या पडद्यात दिसत नाही. त्यावर कुणाचा निरोप येत नाही, यात दिसतो.

कॅमेऱ्याच्या बाबतीत विक्रेत्याचे म्हणणे अर्ध्याहून अधिक खरे आहे. जपानच्या कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीत २०१० साली १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे बाजारात गेले. २०२० मध्ये ते ९० लाखांच्याही खाली आले. गेले ते प्रामुख्याने खिशातले छोटे कॅमेरे, आणि ते योग्य कारणाने गेले. त्यांतला प्रकाश टिपणारा सेन्सर सुमारे २८ चौरस मिलिमीटरचा असे. आजच्या चांगल्या फोनचा मुख्य सेन्सर सत्तरच्या आसपास असतो आणि एका क्षणात अनेक चित्रे घेऊन ती एकत्र करण्याचे गणितही त्याच्याजवळ असते. पण फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ गुणिले २४, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटरचा. भिगवणला उजनीच्या पाण्यात दूरवर उभ्या असलेल्या रोहित पक्ष्यांचे चित्र काढताना हा फरक डोळ्यांसमोर येतो. लांबचे जवळ आणायला लांब भिंग लागते आणि फोनची जाडी एक सेंटिमीटरही नसते. लोलक बसवून प्रकाश काटकोनात वळवायचा आणि भिंग फोनच्या पोटात आडवे घालायचे, अशी हुशारी महागड्या फोनमध्ये केलेली असते. तिने बरेच साधते, पक्ष्याच्या पिसापर्यंत मात्र पोचत नाही. लग्न, वारी, नातवंडे यांसाठी फोन पुष्कळ झाला.

घड्याळ, गणकयंत्र, विजेरी, होकायंत्र यांच्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. ती फोनने गिळली आणि कुणाची तक्रार नाही. रेडिओची गोष्ट तेवढी मजेदार आहे. एफएम पकडायला अँटेना लागते आणि फोनमध्ये ते काम इअरफोनची वायर करत असे. वायरचे भोक काढून टाकण्याची फॅशन आली आणि अनेक फोनमधला रेडिओ वायरीबरोबर गेला. इंटरनेटवरून आकाशवाणी ऐकता येते हे खरे, पण टॉवर बंद पडला असताना, पुराच्या दिवसांत, पाचशे रुपयांचा ट्रान्झिस्टर बोलत असतो आणि लाखाचा फोन गप्प असतो.

इथे विलीनीकरणाची खरी किंमत दिसू लागते. सुटी यंत्रे सुटीसुटी मरतात. कॅमेरा बिघडला तर फोन चालतो, रेडिओ बंद पडला तर पुस्तक वाचता येते. एका यंत्रात सगळे असले की सगळे एका बॅटरीवर असते. लिथियम-आयन बॅटरी साधारण पाचशे वेळा पूर्ण भरली-रिकामी झाली की मूळच्या ८० टक्क्यांपर्यंत उतरते. दिवसभर बोलायचे, वाचायचे, नकाशा पाहायचा आणि चित्रेही काढायची, तर रोज एक फेरी होते. म्हणजे दीड वर्षात तो टप्पा आला. त्यात बॅटरी आता झाकण उघडून बदलता येत नाही.

आपल्याकडे यात पैशांची भर पडली आहे. २०१६ पासून यूपीआय आले, ते फोनमधल्या सिमच्या क्रमांकाशी बांधलेले असते. बँकेचा ओटीपी तिथेच, रेल्वेचे तिकीट तिथेच, डिजिलॉकरमधला वाहनपरवाना तिथेच. फोन हरवलेल्या माणसाला आपला फोन हरवला हे कळवण्यासाठीसुद्धा दुसऱ्याचा फोन मागावा लागतो. अशा वस्तूवरच आणखी कामे लादायची, दुपारभर त्यावरच वाचायचे आणि संध्याकाळी भाजीवाल्यासमोर ती चार टक्क्यांवर आणायची, हे मला शहाणपणाचे वाटत नाही. वाचनाचे काम दुसऱ्या यंत्राला दिले तर निदान पाकीट संध्याकाळपर्यंत जिवंत राहते.

आणखी एक बाजू किमतीच्या चर्चेत सहसा येत नाही. सुटी यंत्रे घरात फिरत असत. रेडिओ स्वयंपाकघरात, कॅमेरा कपाटात, टीव्ही बैठकीत. ज्याला हवे त्याने घ्यावे. फोन मात्र बोटाच्या ठशाने उघडतो आणि त्यात एका माणसाचे निरोप, पैसे, चित्रे असतात. तो दुसऱ्याच्या हाती द्यायला जीव धजत नाही. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा ही गोष्ट महाराष्ट्राने चांगलीच अनुभवली. घरात एकच स्मार्टफोन, तो वडिलांबरोबर कामावर गेलेला आणि दोन मुलांचे वर्ग एकाच वेळी. त्या वर्षी सह्याद्री वाहिनीवरून पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' ही मालिका दाखवण्यात आली. टीव्ही जुना, एकाच कामाचा, पण तो सगळ्यांचा होता आणि ठरल्या वेळी घरातच होता. माझ्या मते कुटुंबाने यंत्र घेताना 'हे किती कामे करते' याआधी 'हे किती जणांच्या हाती पडेल' हे विचारावे. बैठकीतल्या मेजावर पडलेला एक साधा टॅबलेट आजी, नात आणि सून तिघी वापरतात. तेच पैसे कुणा एकाच्या फोनमध्ये घातले तर त्या तिघींच्या वाट्याला काही येत नाही.

आता हिशेब. सॅमसंगचा मोठा फोन, एस २४ अल्ट्रा, २०२४ च्या जानेवारीत भारतात १,२९,९९९ रुपयांना आला. पडदा ६.८ इंच. त्याच वेळी वीस हजारांच्या आसपासचे कितीतरी फोन ६.६-६.७ इंचांचे होते. म्हणजे वरचे लाखभर रुपये आकारासाठी नव्हतेच. ते कॅमेरा, चिप, स्टायलस आणि ॲल्युमिनियमऐवजी वापरलेल्या टायटॅनियमसाठी होते. ज्याला फक्त मोठा पडदा हवा त्याने हे ध्यानात घ्यावे. वीस हजारांचा फोन, पंधरा-सतरा हजारांचा टॅबलेट आणि वर ई-इंकचे यंत्र घेतले तरी पन्नास हजारांच्या पुढेमागेच खर्च येतो.

महागड्या फोनच्या बाजूने एक चांगला मुद्दा आहे, तो दडपता कामा नये. अशा फोनना आता सात वर्षे सॉफ्टवेअर पुरवण्याचे आश्वासन मिळते. स्वस्त टॅबलेट दोन-तीन वर्षांत अनाथ होतो आणि मग ॲप एकेक करून नकार देऊ लागतात. सुट्या यंत्रांना चार चार्जर लागतात, चार पासवर्ड लागतात, आणि हौसेने घेतलेला टॅबलेट खणात पडून फुगलेल्या बॅटरीसह सापडणे ही घरोघरची कथा आहे. रोज निदान अर्धा तास जे काम केले जाते, त्याच्यासाठीच सुटे यंत्र घ्यावे. बाकीची कामे फोनवर सोडावीत. आणि ज्याचा फोन हाच त्याचा एकमेव संगणक आहे, जो गाडीत बसून कोटेशन पाठवतो, सातबारा पाहतो, त्यावरच मुलीचा अर्ज भरतो, त्याने मोठाच फोन घ्यावा. त्याच्या खिशात दुसऱ्या यंत्राला जागा नाही आणि फोन सोडून बसायला त्याच्याजवळ टेबल नाही.

पावणेतीन इंचांची कोंडी खुद्द कंपन्यांनाही कळलेली आहे. २०१९ पासून आलेले घडीचे फोन त्यासाठीच आहेत : मिटल्यावर मुठीत मावायचे, उघडल्यावर रुंद व्हायचे. सॅमसंगच्या ७.६ इंची घडीच्या फोनचा उघडलेला पडदा सुमारे ४.८६ इंच रुंद भरतो. दिवाळी अंकाचे बारा पॉइंटचे अक्षर त्यावर सव्वाआठ पॉइंटचे होते, चष्मा लावून वाचता येते. किंमत दीड लाखाच्या वर होती, आणि मधोमध घडीची रेघ बोटाला लागते.